हिरव्या रेघांचा बंदोबस्त

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११

कॉम्प्युटर आला. खोकी तीन, म्हणजे कॅबिनेट, मॉनिटर, स्कॅनर. चलनावर तीन, दारात तीन. मोजून सही केली.

कॉम्प्युटरवाला, केस पांढरे, खिशात चार स्क्रूड्रायव्हर, आत येऊन जोडून देतो म्हणत होता. दारातच पाणी देऊन परत पाठवला. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय. गेल्या गुरुवारी रिटायर झालो तोवर एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की यांच्याकडे नवीन बेअरिंग मागणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. मला भरून आलं.

आता मुद्द्याचं. कॉम्प्युटर हिच्यासाठी आहे. ही बावीस वर्षं फोटो स्टुडिओत होती. फाटके, डाग पडलेले जुने फोटो कॉम्प्युटरवर नीट करायची. स्टुडिओ बंद पडला आणि दोन वर्षं घरी बसून होती. आता एका शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत, त्यांचे जुन्या वर्गांचे चाळीस फोटो हिला मिळालेत. ३० तारखेला मुख्याध्यापिका येऊन बघणार आणि फोटो लगेच शाळेच्या चित्रफलकासाठी छापायला जाणार. तारीख चुकली तर काम दुसऱ्याकडे. हिचं स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम आहे. जेवताना सुद्धा कुणाचा कान गेलाय, कुणाचं नाक, हेच बोलत असते.

हिला सांगितलं, तू फक्त फोटो बघ, मशीनची काळजी माझी. ही भाजी निवडत राहिली. विश्वास बसलेला दिसतो.

निश्चय दोन. या मशीनला बाहेरच्या माणसाचा हात लागणार नाही. या मशीनला धूळ लागणार नाही. दोन्ही निश्चय मेहुण्याला फोन करून सांगितले. हिचा धाकटा भाऊ. निमंत्रणपत्रिका आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे स्वतःला तंत्रज्ञ समजतो. म्हणाला, भाऊजी, अडलं तर सांगा. अडायचंय काय त्यात.

५ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७

जोडला. सकाळी नऊला बसलो, साडेतीनला चालू झाला. पहिले दोन तास चालू होत नव्हता याला कारण भिंतीवरचं बटण. ते बटण आपल्या घरात नेहमी कोण बंद करून ठेवतं, असं हिने विचारलं. मीच ठेवतो. सुरक्षेसाठी.

ही चारला बसली आणि सहापर्यंत सगळ्यात जुना चौथीचा वर्ग संपवला. एका मास्तरांची अर्धी मिशी वाळवीने खाल्ली होती, ती परत आणली. बघत राहावं असं काम. नंतर गुणगुणत भांडी घासली. कित्येक दिवसांनी.

फक्त एकच. कॅबिनेटवर धूळ. एका दिवसात. बोट फिरवून हिला दाखवलं. हिचं म्हणणं, ती माझ्याच बोटाची पावडर आहे. उद्या सुताराला बोलावतोय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४

कपाट तयार. जाड प्लाय. वरच्या कप्प्यात मॉनिटर, त्याला काचेचं दार. खालच्या कप्प्यात कॅबिनेट, त्याला लाकडी दार आणि कडेने रबराची पट्टी, फ्रीजच्या दाराला असते तशी. वायरींसाठी मागे एक भोक ठेवावं लागलं, ते स्पंज कोंबून बुजवलं. कुलूप पितळी. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरीही माझ्याकडे.

सुताराने विचारलं, आत काय दागिने ठेवणार का. मशीन म्हटल्यावर म्हणाला की मग जाळी मारू या, मशीनला हवा लागते. सुताराने मशीनबद्दल बोलू नये. मी दिवसभरात त्याच्या रंध्याबद्दल फार तर चार वेळा बोललो असेन.

एक किरकोळ अडचण. खोली लहान असल्यामुळे कपाटाचं खालचं दार उघडलं की ते खोलीच्या दाराला अडतं आणि मग कुणाला आत येता येत नाही की बाहेर जाता येत नाही. म्हणजे खालचं दार बंदच ठेवायचं. तेच तर हवंय.

९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७

पहिली वीस मिनिटं उत्तम. मग माउस जड झाला. ही हात फिरवते आणि बाण मागून रमतगमत येतो. मग पडद्यावर हिरवे ठिपके. मग हिरव्या रेघा, त्याही थेट जुन्या मुख्याध्यापकांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. म्हटलं, फोटोतच असतील, जुना फोटो आहे. ही म्हणाली, फोटो काळापांढरा आहे.

हा मुद्दा बरोबर होता.

हिचं म्हणणं, कपाट बाहेरून गरम लागतंय, खालचं दार उघडं ठेवून बघू या. हसलो. दार उघडंच ठेवायचं तर कपाट कशाला केलं. शिवाय आतबाहेर कसं करणार. माझं निदान: डिस्प्लेची केबल.

११ नोव्हेंबर, सोमवार

इंटरनेटवरून उपाय उतरवून घेतले. सतरा निघाले. क्रमाने घेतोय.

पहिला, बंद करून चालू करणे. वीस मिनिटं गुण.

दुसरा, केबल काढून परत लावणे. त्यासाठी खालचं दार उघडावं लागलं. केबल कोणती ते ओळखण्यात तासभर गेला, तेवढा वेळ मशीन उघड्यावर. परत लावून कुलूप घातल्यावर वीसच्या जागी चाळीस मिनिटं छान चाललं. म्हणजे केबलच होती. एकेचाळिसाव्या मिनिटाला रेघा आल्या. म्हणजे केबल नव्हती.

तिसरा, चौथा, पाचवा, ड्रायव्हर वगैरे. वीस मिनिटं, वीस मिनिटं, अठरा मिनिटं.

सहावा, रिझोल्यूशन बदलणे. अक्षरं एवढी मोठी झाली की पूर्ववत करायचं बटण पडद्याच्या बाहेर गेलं. हिने कीबोर्डवर काहीतरी दाबून परत आणलं. मीही त्याच वाटेवर होतो.

हिचे झाले आठ फोटो. पाहिजेत चाळीस. ही वीस मिनिटं काम करते आणि मग उठून मशीन मोकळं व्हायची वाट बघत खिडकीत उभी राहते. मला ते बघवत नाही, म्हणून मी पाठ करून बसतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मेहुण्याचा फोन. कसं काय चाललंय. म्हटलं, विमानासारखं. आवाजापुरतं ते खरं आहे, पंखा हल्ली तसाच वाजतो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता त्याला बोलावता येणार नाही. कॉम्प्युटरवाल्याला दारातून परत पाठवलेला. सुताराला टाकून बोललेलो. हिला शब्द दिलेला. चारी बाजूंनी मीच पक्का बंदोबस्त करून ठेवलाय. आत मी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ५

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. मदत म्हणून नाही, तपासणी म्हणून. तसं फोनवर स्पष्ट केलं.

पाहुणा यायचा म्हणजे तयारी हवी. तासभर आधी मशीन कपाटातून काढून, पुसून, जेवणाच्या टेबलावर स्वच्छ कापड घालून मांडलं. त्याने दीड तास चालवलं. हिचे मोठे मोठे फोटो उघडले, मिटले. एक रेघ नाही. माउस नुसता पळत होता. त्याने दोनदा चहा घेतला. विचारलं, एरवी मशीन कुठे असतं. म्हटलं, सुरक्षित जागी. म्हणजे कुठे. म्हटलं, आत.

तो गेला. मशीन परत कपाटात. बाविसाव्या मिनिटाला रेघा.

निदान पक्कं झालं: मशीन कामचुकार आहे. कारखान्यात असे दोघे तिघे होते. साहेबांची गाडी दिसली की घाम गाळायचे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ही दुपारी भावाकडे जाऊन येते म्हणाली. दोनला गेली, पाचला आली. काल पण गेली होती. पर्समध्ये काहीतरी टाकून नेते. येते तेव्हा चेहरा टवटवीत असतो. मशीनची चिंता माझ्यावर सोपवून निर्धास्त झालेली दिसते. एकदा तरी म्हणाली असती तर बरं वाटलं असतं, पण ठीक आहे.

उपाय नववा आणि दहावा झाले. नोंद करण्यासारखं काही नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शेजारीण विचारत होती की तुमच्याकडे एवढा वेळ मिक्सर कशाला चालतो. पंख्याचा आवाज भिंतीतून जातोय. चारचौघांत हसं नको म्हणून जुनी रजई कापून कपाटाला आतून अस्तर लावलं. दोन्ही बाजू, मागे, वर. सुबक झालंय.

आवाज एकदम बंद. अकरा मिनिटांनी मशीनही बंद. आपोआप, न विचारता. शांतता मात्र छान होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरवाला स्वतःहून आला. म्हणाला, त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये, जरा ती जागा दाखवा. खोलीत रजईचं अस्तर लावलेलं कपाट. दाखवायला हरकत नव्हती, पण तो काहीतरी बोलला असता आणि ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हटलं, आत सासूबाई झोपल्यायत.

तो पाय न वाजवता परत गेला. मग ही बाहेर आली आणि विचारलं, आई कधी आली. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली.

यावर बोलणं वाढवलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६

मेहुणा आला. बोलावलं नव्हतं. म्हणाला, भाऊजी, मशीन माझ्या दुकानात ठेवू या, खिडकीपाशी टेबल रिकामं आहे, ताई तिथे बसून काम करेल. दुकान भर रस्त्यावर. म्हटलं, धूळ. तो म्हणाला, माझं मशीन नऊ वर्षं त्याच धुळीत चाललंय. विचारलं, शेवटचं कधी पुसलं होतं. तो विचारात पडला. विषय तिथेच संपवला.

तो गेल्यावर ही समोर येऊन बसली. म्हणाली, अहो, नऊ दिवस राहिले. मोठे फोटो सगळे बाकी आहेत, ते दुसऱ्या मशीनवर उघडत सुद्धा नाहीत. मला हे काम करायचंय. देऊन टाका ना त्याला.

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता. तीन दिवस दे म्हटलं. सोमवारी मशीन ठणठणीत करून देतो, शब्द देतो. ही म्हणाली, शब्द नको, मशीन द्या. तरी तीन दिवस दिले.

दुसऱ्या मशीनवर उघडत नाहीत, हे हिला कसं कळलं कोण जाणे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी १०. निर्णय झाला. उपाय सतरावा. मशीन पूर्ण पुसून सिस्टिम नव्याने घालणे. लिहिलंय की आधी सगळं सामान दुसरीकडे हलवा. सामान हलवण्यात माझा हात कोण धरणार. हिचे सगळे फोटो उचलून एका फोल्डरमध्ये ठेवले, नाव दिलं ‘सुरक्षित’. फोल्डर मशीनच्या आतच केलं, म्हणजे बाहेर कुठे हरवायची भीती नाही.

११.३०. मशीन विचारतंय, सगळं पुसलं जाईल, चालेल का. चालेल.

१.१५. झालं. पडदा कोरा करकरीत.

१.२०. ‘सुरक्षित’ दिसत नाही.

१.४५. ‘सुरक्षित’ कुठेच नाही.

२.०५. ही भावाकडे निघाली. दारातून विचारलं, कसं चाललंय. मस्त म्हटलं.

४.००. चौदा फोटो होते. मिशा, कान, वेण्या, एका मुलीचा पाण्याने गेलेला अर्धा चेहरा. त्या चेहऱ्यावर ही चार दिवस बसली होती. डोळा जमला तेव्हा मला हाक मारून दाखवला होता. मी तो पुसला. एकतीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. लाज वाटतेय आणि त्याहून जास्त भीती.

सांगणार आहे. उद्या.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ९. हिला सांगितलं, मशीनवर अपडेट चालू आहे, हात लावायचा नाही. किती झालं विचारते. बारा टक्के.

हिने अचानक आत येऊ नये म्हणून कपाटाचं खालचं दार सताड उघडं टाकलंय. खोलीचं दार आता हलत नाही. मी आत.

११.००. चहा हवाय. चहासाठी दार उघडावं लागेल, आणि दार उघडलं की कोरा पडदा. हिने दाराखालच्या फटीतून बिस्किटं सरकवली. चहा सरकत नाही.

१.१०. ही गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली तेवढ्यात बाथरूमला जाऊन आलो. येताना स्वयंपाकघरातून दोन केळी. एकूण चार मिनिटं.

५.००. विशेष नोंद. सकाळपासून एकही रेघ नाही, ठिपका नाही. मशीन लोण्यासारखं चाललंय. म्हणजे सतरावा उपाय रामबाण होता. इतके दिवस झगडून मी यश मिळवलं आणि ते कुणाला सांगता येत नाही. सांगितलं तर म्हणेल, दाखवा.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी १०. अपडेट एकतीस टक्के. ही म्हणाली, आपल्या लेकीचं बाळंतपण याहून लवकर उरकलं होतं. मग विचारलं, माझे फोटो तरी नीट आहेत ना. म्हटलं, सुरक्षित. खोटं नाही बोललो, फोल्डरचं नाव तेच होतं.

१२.००. मूळ फोटोंचा लिफाफा या खोलीतच आहे. एक फोटो स्कॅन करून स्वतःच दुरुस्त करायला घेतला. रोज मागे बसून बघत होतोच. त्यात विशेष काही नाही.

२.३०. मास्तरांची मिशी शेजारच्या बाईंना लागली. काढायला गेलो तर बाईंचं नाक गेलं. नाक मागच्या रांगेतल्या मुलाचं घेतलं. आता दोघंही ओळखू येत नाहीत.

४.००. ही दोन तास एका मिशीवर का बसायची ते आज कळलं. हे सोपं काम नाही. हिला हे कधी म्हटलं नव्हतं.

६.००. पाठ दुखतेय. खोलीत पंखा, खुर्ची, कपाट, मी. बाहेर हिच्या पावलांचा आवाज येतो. दारापर्यंत येतात, थांबतात, परत जातात. एकदा कडीला हातही लावला. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात पावलं गेली. तोंड अपडेटसारखंच अडकलंय.

२५ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १२

शब्द दिलेला दिवस. हिने साडेनऊला दार वाजवलं. बाहेरूनच सरळ विचारलं, गेले का फोटो.

खुर्चीतून उठून दाराशी गेलो. मग हो म्हटलं. सगळे. माझ्या हातून. चुकलं. हे सगळं बंद दाराशी बोललो, तोंडावर बोलवलं नसतं.

बाहेर पर्सची चेन उघडल्याचा आवाज. मग ही म्हणाली, ते चौदाही माझ्याकडे आहेत. पहिल्या आठवड्यापासून रोज पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतेय. भावाचं दुकान दुपारी दोन ते पाच बंद असतं, तेवढ्या वेळात त्याच्या मशीनवर आणखी नऊ केले. तेवीस तयार आहेत. आता मोठे सतरा राहिलेत, ते त्याच्या मशीनवर होत नाहीत. तेव्हा बाहेर या आणि हे मशीन द्या.

यायला थोडा उशीर झाला. आधी कपाटाचं दार लावायचं तर खुर्ची सरकेना.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पहिल्या आठवड्यापासून, हे मनाला लागलंय. रेघा यायच्या आधीपासून की नंतरपासून, ते विचारायचं धाडस केलं नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन गेलं. न्यायला मेहुणा आणि कॉम्प्युटरवाला. कॉम्प्युटरवाल्याने कपाट पहिल्यांदाच पाहिलं. रबराची पट्टी चाचपली, स्पंज उपसून पाहिला, रजईच्या आत कोपरापर्यंत हात घातला. मग म्हणाला, साहेब, यात जेवण ठेवलं असतं तर दिवसभर गरम राहिलं असतं. मशीन तापतं, पंखा गरम हवा बाहेर टाकतो, तीच हवा परत आत घेतो. जास्त तापलं की आधी मंद होतं, मग रेघा येतात, मग जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं. मशीनला काहीही झालेलं नाही. सासूबाईंची तब्येत कशी आहे, तेही विचारलं.

मेहुणा भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते.

ही हसली नाही. ते जास्त जड गेलं.

कॉम्प्युटरवाल्याचं मत एक मत म्हणून नोंदवलंय. दुसरंही घ्यायला हवं होतं, पण दुसरं सुताराचं होतं आणि ते आधीच झालंय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ५

दुकानात जाऊन आलो. पाहणी.

मशीन खिडकीशी, उघड्या टेबलावर. बाजूचं झाकण सुद्धा काढून ठेवलेलं. आतली सर्किटची हिरवी पाटी रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल. वर बोट फिरवलं, काळं झालं. पडद्यावर रेघ नाही. ही आठ आठ तास बसते आणि मशीन हूं की चूं करत नाही. छत्तीस झाले. मुलीचा चेहरा पूर्ण झालाय, दोन्ही डोळे.

घरून शिवलेलं कव्हर नेलं होतं. हिने घडी करून पाठीला टेकायला घेतलं.

मी मागे उभा राहून सूचना देत होतो. पत्रिका छापायला आलेली गिऱ्हाइकं मला चुकवून जात होती. तासाभराने हिने हात थांबवला, खुर्ची वळवली आणि म्हणाली, अहो, एक मदत कराल का. म्हटलं, सांग. म्हणाली, शनिवारपर्यंत घरी थांबाल का.

तीस वर्षांत हिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवत नाही. लगेच निघालो.

३० नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.३०

फत्ते. चाळीसच्या चाळीस.

मुख्याध्यापिका चारला दुकानात आल्या. हिने मलाही बोलावलं होतं, धुतलेला शर्ट घालून गेलो. हिने एकेक फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. बाईंनी पहिल्या दहांना छान छान म्हटलं, मग नुसत्या बघत राहिल्या. त्या मुलीच्या फोटोला तर बोट लावून तो परत दाखवायला सांगितलं. शेवटी म्हणाल्या की चित्रफलकावर खाली तुमचं नाव टाकायचंय, पूर्ण नाव लिहून द्या. हिने लिहून दिलं. लिहून झाल्यावर परत एकदा वाचून पाहिलं.

त्यांच्या बहिणीच्या शाळेलाही असंच काम करायचंय, साठ फोटो. तेही हिलाच. मी हे गर्दीत उभं राहून ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. माझं म्हणून नाही, खरंच हिचं म्हणून.

मग बाईंनी विचारलं, एवढं एकटीने केलंत, का घरून कुणाची मदत होती. मी शर्ट नीट केला. एक छोटं भाषण तयार होतं. पण हिनेच माझ्याकडे हात केला आणि म्हणाली, यांची होती. शेवटचे दोन दिवस हे घरी थांबले म्हणून काम वेळेत झालं.

सगळे माझ्याकडे बघून हसले. मेहुण्याने तर टाळी वाजवली. मी मान झुकवून स्वीकार केला. भाषणाची गरजच पडली नाही.

चारचौघांत बायकोने नाव घ्यावं, याहून माणसाला काय हवं.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.१५

दात घासताना कालचं वाक्य परत आठवलं. मग सगळे का हसले तेही आठवलं. ब्रश तोंडात ठेवून तसाच उभा राहिलो.

वाईट वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, ही वही कोण वाचतंय.

हिला विचारलं, काल तू म्हणालीस ते कौतुक होतं की काय होतं. ही वेणी घालत होती. म्हणाली, कौतुकच होतं. मागितलेली मदत तुम्ही तशीच्या तशी केलीत. पहिल्यांदाच.

विचारलं, मशीन घरी कधी येणार. म्हणाली, नाही येणार, साठ फोटो आहेत, तिथे बरं चाललंय. मग मी काय करू, असंही विचारलं. हिने चप्पल घालता घालता थोडा विचार केला. माझ्याकडे पाहिलं, हसली, जरा खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. म्हणाली, कालपर्यंत करत होता तेच करा.

सहाला येते म्हणाली.

आता सव्वानऊ झालेत. घरीच आहे. मदत चालू आहे.